फिरंगेची कुळकथा

खंडेनवमीस आपण शस्त्रपूजा करतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः आज पुजले जातात ते कोयते, विळे, नांगराचा फाळ, गवंड्याची थापी, आणि आमच्यासारख्या वकिलाच्या घरी एखादे जाडजूड कायद्याचे पुस्तक. ज्या खंड्यावरून त्या तिथीस नाव पडले, तो खंडा बहुतेक घरांतून केव्हाच गेला. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारने हत्यारे गोळा करविली. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरला. आणि त्यातूनही जे राहिले त्यातले पुष्कळसे भंगारवाल्याच्या तागडीत पडले. तलवारीची ओढ मात्र अद्यापि गेलेली नाही.

जांबोटी हे खानापूर तालुक्यातले, बेळगावाहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या वाटेवरचे गाव. पश्चिमेस कणकुंबीला माउलीच्या सान्निध्यात मलप्रभा उगम पावते आणि घाट उतरला की सत्तरी महाल लागतो. मराठी, कोकणी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर ऐकू याव्यात असा हा टापू आहे. येथे आमच्या परिचयाचे काही गृहस्थ जुन्या तलवारींचे शौकीन आहेत. पदरी पैसा बेताचा, पण मूठ पाहून काळ ओळखण्याची हौस दांडगी. त्यांना आम्ही मध्यंतरी एक प्रश्न घातला: जगातली कोणतीही एकच तलवार आपली म्हणून घरी नेण्याची मुभा मिळाली, तर कोणती न्याल?

उत्तरे मोठी बोलकी आली. एकाने अर्थातच भवानी मागितली आणि मागताक्षणीच तो संकोचला. देवीच्या नावाची तलवार आपल्या माजघरात कोठे ठेवावी, हा त्याला पेच पडला. दुसरा कानडी बोलणारा. त्याला संगोळी रायण्णाच्या हातातली तलवार हवी. हे साहजिकच होते. रायण्णाला १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले ते याच तालुक्यातल्या नंदगडला. तिसऱ्याचे आजोळ सत्तरीत. त्याला दीपाजी राण्याची तलवार हवी. दीपाजीने १८५२ साली नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेला हादरा दिला होता. शिगम्यात घोडेमोडणीचे गडी कमरेला लाकडी घोडा बांधून हातात तलवार नाचवतात, ती पाहतच हा गृहस्थ लहानाचा मोठा झाला. चौथा तरुण. त्याने टिपूची तलवार सांगितली आणि आधी किंमत सांगितली: २०२३ च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावात टिपूच्या शयनगृहातली तलवार सुमारे १ कोटी ४० लक्ष पौंडांना गेली. ज्या वस्तूची किंमत आधी आठवते ती वस्तू हवी असते की किंमत, हे त्याचे त्याने ठरवावे.

आम्हांस विचाराल, तर आम्ही फिरंग मागू. ती कोणा थोराची नसली तरी चालेल. तीन फुटांच्या आसपास लांबीचे, सरळ, पुष्कळदा एकाच अंगाला धार असलेले, उभ्या खोबणी पाडलेले विलायती पाते. त्याला देशी कारागिराने चढवलेली पिंजऱ्यासारखी मूठ. बोटांवर रुंद परज, तळव्याखाली वाटी आणि मुठीच्या टोकाला बोटभर लांब दांडी. ही दांडी शोभेची नव्हे. जोराचा वार करताना दुसरा हात तिच्यावर येई. पाते मुठीत पक्के बसावे म्हणून मुळाशी दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या ठोकीत. पाते बाहेरचे आणि मूठ घरची, असा हा संसार दोन-अडीचशे वर्षे सुखाने चालला.

या तलवारीच्या नावातच तिचे कूळ आहे. फ्रँक या युरोपीय जमातीच्या नावाचे अरबी-फारसी मुखांतून फरंग, फिरंग झाले. आपल्याकडे फिरंगी म्हणजे मुख्यत्वे पोर्तुगीज. कोकणीत त्यालाच पाखलो म्हणतात. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास उतरणारी पाती मात्र सगळी पोर्तुगालची नव्हती. जर्मनीतले झोलिंगेन, स्पेनमधले तोलेदो, इटलीतले जिनोवा अशा ठिकाणच्या मालाची ख्याती होती. झोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ख्याती झाली की नक्कल आलीच. एका गावच्या लोहाराने दुसऱ्या गावची खूण आपल्या पात्यावर उठवावी, हे युरोपात सर्रास चाले, आणि आपल्याकडच्या कारागिरांनीही विलायती खुणा हुबेहूब उठवल्या. म्हणून पात्यावरचे नाव हा दस्तऐवज खरा, पण पुरावा कच्चा. न्यायालयात जसा दस्त सिद्ध करावा लागतो, तसे पातेही सिद्ध करावे लागते.

येथे एक प्रश्न मनात येतो आणि तो आपल्या वाचकांस अधिक टोचेल. ज्यांनी सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळे पाडली, ज्यांच्या भयाने आपली दैवते रातोरात खाडीपलीकडे अंत्रुजात न्यावी लागली, त्यांच्याच बंदरात उतरलेले लोखंड आपल्या सरदारांनी कमरेला बांधले. यात विसंगती वाटते. पण त्या काळच्या माणसाला ती वाटली नाही. चांगले पाते हे चांगले पाते. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचे उदाहरण पाहावे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी मोडले, देव नदीपार नार्व्याला आला, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेखच आहे. त्याच महाराजांनी सावंतांकडून एक उत्तम फिरंग तीनशे होन देऊन घेतली, असे सावंतवाडीकडची परंपरा सांगते. मोडलेले देऊळ उभारणे आणि मोडणाऱ्याच्या बाजारातले उत्तम पोलाद घेणे, ही दोन्ही कामे एकाच राजाला पटत होती.

आता भवानीकडे वळू. अफझलखानाच्या प्रसंगी देवीने तलवार दिली, ही श्रद्धा महाराष्ट्राच्या हाडीमासी खिळलेली आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे आम्हांस कारण नाही. देवी हाताने पाते देते की हातात बळ देते, हा ज्याच्या त्याच्या उपासनेचा प्रश्न. इतिहासाचा प्रश्न वेगळा: ती तलवार कोणती आणि कोठे आहे? साताऱ्यास १८१८ नंतर रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहून ठेवले की भवानी साताऱ्याच्या राजाजवळ आहे, तिचा देवतेप्रमाणे मान राखला जातो, आणि तिचे पाते जिनोव्याचे आहे. साताऱ्याच्या राजघराण्यात आज जिला भवानी म्हणून दसऱ्यास पुजतात, तिच्यावर राजा शाहूचे नाव कोरलेले आहे. आजोबांची तलवार नातवाने आपल्या नावाची केली, की नातवाची तलवार लोकांनी आजोबांची केली, यावर विद्वानांत एकमत नाही.

लोकांच्या तोंडी जी भवानी लंडनला गेली ती निराळीच. १८७५ च्या नोव्हेंबरात युवराज एडवर्ड मुंबईस उतरला. त्या दौऱ्यात कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्याकडून त्याला शिवकालीन म्हणून एक तलवार नजर झाली. युवराजाच्या हिंदी शस्त्रांची जी यादी १८९८ मध्ये छापली गेली, तीत सरळ पात्याची, खोबणी असलेली, शिवाजीची म्हणून नोंदलेली तलवार आहे, आणि तिच्या पात्यावर आय-एच-एस ही अक्षरे तीन वेळा उठवलेली आहेत. ही अक्षरे म्हणजे येशूच्या नामाची खूण. म्हणजे ही फिरंगच. कोल्हापूरचे इंद्रजित सावंत यांनी याच विषयावर ‘शोध भवानी तलवारीचा’ हे पुस्तक लिहिले, आणि लंडनची ती भवानी नसून कोल्हापूरच्या शिलेखान्यातली जगदंबा, हे मत त्यांनी मांडले. आम्हांस ते ग्राह्य वाटते. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या अंतुल्यांनी भवानी परत आणण्याची घोषणा केली, तेव्हा हा भेद फारसा कोणी ध्यानात घेतला नव्हता. मागायचे असेल तर वस्तूचे नाव तरी अचूक असावे. चुकीच्या वर्णनावर दावा टिकत नाही.

पण नावापेक्षा मोठा मुद्दा मालकीचा. ती तलवार देणारा राजा त्या वेळी अवघ्या बारा वर्षांचा होता. तो १८७१ मध्ये दत्तक आला होता आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. याच १८७५ साली ब्रिटिश हिंदुस्थानात सज्ञानतेचा कायदा झाला आणि अठरा वर्षांखालील माणूस अज्ञान ठरला. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे तो कायदा तेथे लागू नव्हता, हे खरे. तथापि ज्या सरकारने आपल्या मुलखात बारा वर्षांच्या मुलाची सही निरर्थक मानली, त्याच सरकारच्या युवराजाने बारा वर्षांच्या मुलाच्या हातून पूर्वजाची तलवार स्वीकारली. त्या मुलाचे पुढे जे झाले ते वाचकांस ठाऊक असेलच. त्याच्या छळासंबंधी लिहिल्यावरून दिवाण बर्व्यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि १८८३ च्या डिसेंबरात तो राजा अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्याखाली, मरण पावला. आमच्या मते त्या तलवारीवर हक्क सांगायचा तर पराक्रमाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट आधी सांगावी.

आणि त्याच १८७५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रसन्नकुमारी देव्या विरुद्ध गुलाबचंद या बंगालच्या खटल्यात असे ठरवले की देवाच्या मिळकतीवर सेवेकऱ्याचा अधिकार अज्ञान वारसाच्या कारभाऱ्याइतकाच. निकड असेल तरच त्याला देवाच्या मिळकतीवर बोजा चढवता येतो. पुढे १९२५ मध्ये प्रमथनाथ मलिक खटल्यात देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिचे हित स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, हे अधिक स्पष्ट झाले. म्हणजे देव हा कायम अज्ञान मालक. कोल्हापूरच्या मुलाला जे संरक्षण मिळाले नाही, ते आपल्या ग्रामदेवतेस मिळालेले आहे.

हे सांगण्याचे कारण जवळचे आहे. आपल्या टापूत जुन्या तलवारी खाजगी घरांपेक्षा देवळांत अधिक टिकल्या. कोठे तरंगांबरोबर, कोठे अवसाराच्या हाती, कोठे नुसत्या गाभाऱ्याच्या कोपऱ्यात. जेजुरीचा खंडा तर प्रसिद्धच. सुमारे एक मण वजनाचा तो खंडा दसऱ्याच्या उत्सवात एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ लागते. तो तेथे राहिला, कारण तो देवाचा होता. एखाद्या सरदाराच्या वंशजांचा असता तर कधीच वाटणीत गेला असता.

वाटणीतून वस्तू कोठे जाते, हे नागपूरकर भोसल्यांच्या फिरंगेवरून कळते. पहिले रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा, ज्यांनी बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या, त्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली; वाहतूक, विमा धरून खर्च ४७ लक्ष १५ हजार रुपये आला, आणि ऑगस्टात ती मुंबईस पोचली. पाते युरोपीय, मूठ देशी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव, पद, आणि त्यापुढे शब्द ‘फिरंग’. आमच्या शौकीन मित्रांनी ते छायाचित्र पाहिले तेव्हा भवानी मागणारा गृहस्थही क्षणभर मुका झाला. मालक कोण, हे पात्यानेच लिहून ठेवले होते, तरी घरी येण्यास लिलावाचा दर मोजावा लागला.

देशातून जुनी शस्त्रे बाहेर जाणे आज सोपे नाही. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांवरील वस्तू परदेशी पाठवण्यास खाजगी माणसाला मनाई आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. तलवार बाळगण्याविषयी १९५९ च्या शस्त्रकायद्याचे स्वरूप पुष्कळांस ठाऊक नसते: नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार त्यात मोडते, पण परवाना लागतो तो सरकारने चौथ्या कलमाखाली अधिसूचित केलेल्या प्रदेशात. म्हणून पोलिसांच्या भीतीने देवळातली तलवार विहिरीत टाकण्याची किंवा येईल त्या फिरत्या खरेदीदारास देण्याची गरज नाही. चौकशी करावी, ती कचेरीत फुकट होते. भीतीने गेलेल्या वस्तू या लोभाने गेलेल्या वस्तूंहून थोड्या नाहीत.

देवस्थानच्या दागिन्यांची यादी होते तेव्हा मुकुट, प्रभावळ, समया वजनासह लिहिल्या जातात आणि तलवारीपुढे नुसते ‘तलवार, एक’ असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. एवढ्या वर्णनावर कोणतीही तलवार बदलता येते. पात्याची लांबी, ते सरळ की वाकडे, खोबणी किती, मूठ कशी, पात्यावर अक्षरे किंवा खूण कोठे, ही पाच कलमे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, इतके पुरे. गंज काढण्यासाठी सहाणेवर घासू नये. त्या घासण्यात धावता लांडगा आणि देवनागरी अक्षरे दोन्ही जातात. मऊ कापडाने हलके तेल लावावे आणि म्यान दमट असेल तर पाते बाहेर ठेवावे. जांबोटीच्या पावसात ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते.