मशक आणि श्रुती : संग्रहालयीन वाद्यांच्या नावांविषयी

कन्हान नदीकाठी कामठीची लष्करी छावणी १८२१ साली वसली. अशा छावण्यांतील बँडांमुळे ‘बॅगपाइप’ म्हणजे स्कॉटलंडचे वाद्य, हे समीकरण आपल्याकडे दृढ झाले. वस्तुतः कातडी पिशवीत वारा साठवून वाजवावयाची वाद्ये या देशातही होती. कॅप्टन चार्ल्स रसेल डे यांनी दक्षिण हिंदुस्थान व दख्खनच्या वाद्यांवरील आपल्या १८९१ च्या ग्रंथात ‘श्रुति-उपांगा’ची नोंद केली आहे. गायनवादनास आधारस्वर पुरविणे, हे त्याचे कार्य. उलटपक्षी राजस्थान व गढवाल येथील मशकीवर धून वाजविली जाते.

नावांतील भेद येथे उद्बोधक ठरतो. ‘मशक’ हा फारसीतून आलेला शब्द पाणी वाहण्याच्या कातडी पिशवीचा. तो वाद्याचे अंग सांगतो. ‘श्रुती’ हा शब्द वाद्याचे कार्य सांगतो. सूचीत दोहोंसही ‘बॅगपाइप’ म्हटले की हा पुरावा लोपतो.

त्यातच कातडे लाकडाच्या आधी नष्ट होते. मागे उरलेली नळी पुंगीची किंवा पाव्याची समजली जाण्याचा संभव असतो. म्हणून संशोधकाने जिभाळी एकेरी की दुहेरी, छिद्रे किती, मेणाचे अवशेष व पिशवी बांधल्याच्या खुणा आहेत काय, हे पाहावे. आणि दाखलनोंदवहीतील मूळ नाव, ते कितीही अशुद्ध लिहिलेले असो, जसेच्या तसे उतरून घ्यावे. पिशवी नाहीशी झाल्यावर वाद्याची ओळख पुष्कळदा त्या एका शब्दातच उरते.