मानेचा झटका आणि कार्यकारणभाव

सलूनमध्ये डोक्याची मालिश झाली की कारागीर हनुवटीला हात लावून मान कडकन मोडतो, आणि आपण खूश होऊन उठतो. असाच झटका अमेरिकेत एका उपचारपद्धतीचा भाग झाला. १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. कायरोप्रॅक्टिकचा जन्म तो. आज आपला प्रश्न एवढाच: मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनी फाटू शकते का?

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढतात. वरच्या दोन मणक्यांपाशी त्या वळणं घेतात, आणि मान सर्वांत जास्त फिरते तीही तिथेच. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. १९४७ मध्ये प्रॅट-थॉमस आणि बर्जर यांनी मान हाताळल्यानंतरच्या अशा दोन मृत्यूंची नोंद केली.

पण 'त्यानंतर' म्हणजे 'त्यामुळे' का? आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००१ साली दिसलं, की पंचेचाळिशीच्या आतल्या अशा रुग्णांनी आदल्या आठवड्यात कायरोप्रॅक्टर गाठलेला असण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. झालं, गुन्हेगार सापडला! पण २००८ साली त्याच प्रांतातल्या ८१८ रुग्णांचा अभ्यास आला. नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही तसाच संबंध निघाला. आणि डॉक्टर काही मान मोडत नाही. म्हणजे धमनी आधीच फाटलेली असावी, म्हणून मान दुखते, आणि दुखते म्हणून माणूस उपचाराला जातो.

मग प्रश्न मिटला? नाही. आधीच फाटलेल्या धमनीला वर झटका बसला तर? २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने म्हटलं, की संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. तरी रुग्णाला हे आधी सांगावं.

आम्हाला हे पटतं. 'सिद्ध नाही' आणि 'खोटं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. अशी घटना विरळ, पण घडली तर किंमत मेंदूची. तेव्हा मान अचानक, कधी नव्हे अशी दुखू लागली, सोबत चक्कर आली, जीभ अडखळली किंवा एकाचे दोन दिसले, तर ती कुणाच्याही हातात देऊ नका. तडक रुग्णालय गाठा.