कॉल ऑफ कथूलू (भूमिकाखेळ)

कॉल ऑफ कथूलू हा टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भयकथाप्रधान भूमिकाखेळ, म्हणजेच रोल-प्लेइंग गेम आहे. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर तो आधारलेला असून त्याची रचना सँडी पीटरसन यांनी केली. केऑसियम या अमेरिकन प्रकाशन संस्थेने तो १९८१ साली प्रथम प्रकाशित केला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या सर्वाधिक लोकप्रिय भूमिकाखेळात पात्रे राक्षसांशी लढून उत्तरोत्तर बलवान होत जातात. कॉल ऑफ कथूलूमध्ये बहुधा याच्या उलट घडते. येथील पात्रे सामान्य माणसे असतात आणि जगाचे खरे स्वरूप त्यांना जितके अधिक उमगते, तितके त्यांचे मानसिक संतुलन ढळत जाते. ज्ञानाची किंमत मनाने मोजावी लागते, या एका कल्पनेभोवती खेळाचे नियम रचलेले आहेत.

पार्श्वभूमी

लव्हक्राफ्ट यांचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या शहरात झाला आणि १५ मार्च १९३७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. खेळाला जिचे नाव मिळाले ती कथा त्यांनी १९२६ साली लिहिली व ती फेब्रुवारी १९२८ मध्ये वियर्ड टेल्स या मासिकात प्रसिद्ध झाली. विश्व अफाट आहे, ते मानवाबाबत उदासीन आहे आणि मानवापूर्वी पृथ्वीवर वावरलेल्या प्रचंड शक्ती केवळ सुप्त आहेत, ही त्यांच्या अनेक कथांमागील भूमिका आहे. या शक्ती दुष्ट असण्यापेक्षा माणसाच्या आकलनापलीकडच्या आहेत. समुद्रतळाशी रलेह नावाच्या बुडालेल्या नगरीत निद्रिस्त असलेला कथूलू हा त्यांपैकी एक होय. लव्हक्राफ्ट व त्यांच्या मित्रलेखकांनी रचलेल्या या कथाविश्वाला पुढे ऑगस्ट डर्लेथ यांनी ‘कथूलू मिथॉस’ हे नाव रूढ केले.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये आला. त्यानंतरची काही वर्षे बहुतेक भूमिकाखेळ तलवारी, जादू आणि खजिना यांच्याभोवती फिरत होते. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या केऑसियम संस्थेने १९७८ मध्ये रूनक्वेस्ट हा खेळ प्रकाशित केला. त्यात पात्राच्या ‘पातळी’ऐवजी त्याची वेगवेगळी कौशल्ये टक्केवारीत मोजली जात. हीच पद्धत पुढे बेसिक रोल-प्लेइंग या नावाने स्वतंत्रपणे मांडण्यात आली आणि कॉल ऑफ कथूलूचा पाया ठरली.

निर्मिती

लव्हक्राफ्ट यांच्या स्वप्नभूमीविषयीच्या कथांवर रूनक्वेस्टसाठी एक पुरवणी लिहावी, असा प्रस्ताव पीटरसन यांनी केऑसियमपुढे ठेवला होता. संस्थेने त्याऐवजी लव्हक्राफ्ट यांच्या साहित्यावरील स्वतंत्र खेळाचे काम त्यांच्याकडे सोपवले. पहिली आवृत्ती पेटीच्या स्वरूपात निघाली. नियमपुस्तकासोबत १९२०च्या दशकातील जीवनाची माहिती देणारी पुस्तिकाही त्या पेटीत होती. कथा लिहिल्या गेल्या त्या काळातच, म्हणजे मद्यबंदी, जॅझ संगीत आणि पहिल्या महायुद्धाच्या आठवणी यांनी भारलेल्या अमेरिकेत, खेळ घडतो असे गृहीत धरलेले होते.

खेळाचे स्वरूप

खेळणाऱ्यांपैकी एकजण ‘कीपर’ होतो. मराठी नाट्यपरंपरेतील सूत्रधाराशी त्याचे काही अंशी साम्य आहे. तो प्रसंगांचे वर्णन करतो, इतर सर्व पात्रांच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका ‘शोधका’ची भूमिका घेतात. शोधक हे प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर, ग्रंथपाल, खासगी गुप्तहेर अशा व्यवसायांतील असतात. खेळाला पट किंवा सोंगट्या लागत नाहीत. पात्राचा तपशील लिहिलेला कागद, पेन्सिल आणि फासे एवढे साहित्य पुरते.

कथानक बहुधा एखादा मृत्यू, बेपत्ता झालेली व्यक्ती किंवा विचित्र वास्तू यांपासून सुरू होते. शोधक ग्रंथालये, वृत्तपत्रांची जुनी दप्तरे आणि न्यायालयीन नोंदी चाळतात, साक्षीदारांशी बोलतात आणि धागेदोरे जुळवतात. लढाई हा येथे सहसा शेवटचा आणि धोकादायक मार्ग असतो. पात्राचे जीवनगुण त्याच्या शरीरयष्टीवरून ठरतात व अनुभवाने वाढत नाहीत. सामान्य माणसाला साधारण १० ते १२ जीवनगुण असतात, तर एका रिव्हॉल्व्हरच्या गोळीने १ ते १० गुणांची हानी होऊ शकते. त्यामुळे माणसाशी झालेली साधी चकमकही प्राणघातक ठरू शकते. कथूलूसमोर तर लढण्याचा प्रश्नच उरत नाही. तो प्रकट झाल्यास प्रत्येक फेरीत १ ते ३ शोधकांना गिळंकृत करतो, असा नियमच आहे.

कौशल्ये

प्रत्येक कौशल्य १ ते १०० या मापावर मोजले जाते. दहा बाजूंचे दोन फासे टाकून १ ते १०० मधील एक संख्या काढतात. ती कौशल्याच्या अंकाइतकी किंवा त्याहून कमी असल्यास कृती यशस्वी होते. उदाहरणार्थ, ग्रंथालय वापरण्याचे कौशल्य ६० असलेल्या शोधकाला ६० किंवा कमी संख्या पडल्यास हवा तो ग्रंथ सापडतो. सातव्या आवृत्तीत कठीण कामासाठी अंकाच्या निम्म्याइतकी, म्हणजे ३०, आणि अतिकठीण कामासाठी एक पंचमांश, म्हणजे १२, ही मर्यादा असते.

यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण केली जाते. नंतर पुन्हा फासे टाकून कौशल्याच्या अंकाहून मोठी संख्या पडली, तरच ते कौशल्य वाढते. त्यामुळे नवशिका लवकर शिकतो, तर तज्ज्ञाची प्रगती मंद होते.

सॅनिटी

मानसिक संतुलन दाखवणारे ‘सॅनिटी’ गुण हे खेळाचे सर्वांत ओळखले जाणारे वैशिष्ट्य आहे. ते सुरुवातीला पात्राच्या इच्छाशक्तीवरून ठरतात. प्रेत, अमानवी प्राणी किंवा निषिद्ध ग्रंथ यांच्याशी सामना झाला की खेळाडू फासे टाकतो. चालू सॅनिटीइतकी किंवा त्याहून कमी संख्या पडली तर हानी थोडी होते किंवा होत नाही. जास्त पडली तर अधिक गुण गमवावे लागतात. प्रेतभक्षक ‘घूल’ पाहून यशस्वी खेळाडूची काहीच हानी होत नाही, तर अयशस्वी खेळाडू १ ते ६ गुण गमावतो. प्रत्यक्ष कथूलूला पाहिल्यास यश मिळूनही १ ते १० गुण जातात व अपयश आल्यास १ ते १०० गुण जाऊ शकतात.

एकाच वेळी ५ किंवा अधिक गुण गेल्यास बुद्धीची चाचणी होते. तीत यशस्वी ठरणारा शोधक तात्पुरता भ्रमिष्ट होतो. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ ज्याला कळला नाही तो बचावतो, असा या नियमाचा आशय आहे. सॅनिटी शून्यावर आली की पात्र कायमचे भ्रमिष्ट होते आणि खेळाडूच्या हातून जाते.

‘कथूलू मिथॉस’ हे स्वतंत्र कौशल्यही या नियमाशी जोडलेले आहे. नव्या शोधकाकडे ते शून्य असते. ते निषिद्ध ग्रंथांच्या वाचनातून किंवा भयंकर अनुभवांतून वाढते. मात्र सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वजा हे कौशल्य इतकी असते. म्हणजे ज्याचे हे ज्ञान ३० आहे, त्याची सॅनिटी उपचार करूनही ६९ च्या वर जाऊ शकत नाही. संकट टाळण्यास आवश्यक असलेले ज्ञानच शोधकाला कायमचे दुबळे करते. वाचावे की न वाचावे, हा निर्णय त्यामुळे खेळातील खऱ्या पेचांपैकी एक ठरतो. कथानक यशस्वीपणे पूर्ण केल्यास किंवा उपचार घेतल्यास काही सॅनिटी परत मिळते.

प्रसिद्ध कथानके

‘द हाँटिंग’ हे कथानक पहिल्या आवृत्तीपासून खेळाशी जोडलेले आहे. सुरुवातीला त्याचे नाव ‘द हाँटेड हाउस’ होते. बॉस्टनमधील एका घरात भाडेकरू टिकत नाहीत, म्हणून घरमालक शोधकांना तपासासाठी नेमतो. घरात थेट शिरण्याऐवजी आधी कागदपत्रे तपासणाऱ्यांना धोक्याची कल्पना येते. नवख्यांना खेळाची रीत समजावी म्हणून ते आजही वापरले जाते आणि केऑसियमच्या विनामूल्य प्रास्ताविक नियमपुस्तिकेतही त्याचा समावेश आहे.

‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही लॅरी डिटिलिओ यांनी लिन विलिस यांच्यासह लिहिलेली दीर्घ कथामालिका १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका लेखकमित्राच्या खुनापासून सुरू होणारा तपास शोधकांना न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया आणि शांघायपर्यंत नेतो. कोणत्या शहरात केव्हा जायचे हे बऱ्याच अंशी खेळाडूच ठरवतात. ‘हॉरर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही युरोपातील रेल्वेप्रवासावर रचलेली मालिका १९९१ मध्ये आली.

आवृत्त्या

१९८३ ते २००४ या काळात दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या आवृत्त्या निघाल्या. मूळ नियमांत त्यांत फारसे बदल झाले नाहीत. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले कथानक नव्या आवृत्तीत अल्प फेरफारांनी खेळता येते. ‘कथूलू बाय गॅसलाइट’ (१९८६) या पुरवणीने १८९० च्या दशकातील इंग्लंड, तर ‘कथूलू नाउ’ (१९८७) या पुरवणीने समकालीन जग खेळासाठी खुले केले.

पॉल फ्रिकर व माइक मेसन यांनी तयार केलेल्या सातव्या आवृत्तीत (२०१४) सर्वाधिक बदल झाले. फसलेला प्रयत्न वाढीव धोका पत्करून पुन्हा करण्याची मुभा तिने दिली. या आवृत्तीसाठी २०१३ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी गोळा करण्यात आली होती. मात्र त्या काळात संस्था आर्थिक अडचणीत सापडली. २०१५ मध्ये स्टॅफर्ड व पीटरसन संस्थेत परतले आणि मून डिझाइन या प्रकाशन संस्थेच्या चमूने व्यवस्थापन हाती घेतले. स्टॅफर्ड यांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये निधन झाले.

जपानमधील प्रसार

खेळाची फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आदी भाषांत भाषांतरे झाली. तथापि त्याला सर्वाधिक वेगळे स्थान मिळाले ते जपानमध्ये. हॉबी जपान या संस्थेने १९८६ मध्ये जपानी आवृत्ती काढली. पुढे निकोनिको या चित्रफीत-संकेतस्थळावर खेळाच्या प्रत्यक्ष सत्रांवर आधारित ‘रिप्ले’ चित्रफिती लोकप्रिय झाल्या आणि तरुण खेळाडूंची नवी पिढी तयार झाली. तेथे डन्जन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा कॉल ऑफ कथूलू अधिक खेळला जातो. सॅनिटी गुणांवरून आलेला ‘सान-ची’ हा शब्द हा खेळ न खेळणाऱ्या जपानी तरुणांच्या बोलीतही रुळला आहे.

टीका

लव्हक्राफ्ट यांच्या पत्रांत व काही कथांत तीव्र वंशद्वेष आढळतो. ‘द हॉरर ॲट रेड हुक’ ही कथा त्याचे ठळक उदाहरण मानली जाते. परक्या वंशाची माणसे म्हणजे गूढ पंथाचे अनुयायी, हा त्यांच्या कथांतील साचा जुन्या कथानकांतही उतरला होता. ख्रिस स्पायव्ही यांच्या ‘हार्लेम अनबाउंड’ (२०१७) या पुस्तकाने १९२० च्या दशकातील न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय समाजाला केंद्रस्थानी आणले आणि वंशभेद हाच भयाचा एक स्रोत म्हणून मांडला. त्याची दुसरी आवृत्ती केऑसियमनेच प्रकाशित केली.

मानसिक आजार फाशांवर ठरवण्याच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले आहेत. रचनेच्या दृष्टीने आणखी एक टीका होते. महत्त्वाचा पुरावा शोधताना फासे प्रतिकूल पडले, तर तपास खुंटतो. यावर उपाय म्हणून ‘ट्रेल ऑफ कथूलू’ (२००८) या केनेथ हाइट यांच्या खेळात योग्य कौशल्य असलेल्या शोधकाला महत्त्वाचा पुरावा फासे न टाकता मिळतो.

प्रभाव

भयकथा हा भूमिकाखेळाचा स्वतंत्र प्रकार म्हणून रुजण्यात या खेळाचा मोठा वाटा आहे. ‘आर्कहॅम हॉरर’ (१९८७) हा पटावरील खेळ आणि ‘डेल्टा ग्रीन’ (१९९७) ही समकालीन अमेरिकी गुप्तचरांविषयीची पुरवणी यांचा उगम कॉल ऑफ कथूलूमध्ये आहे. डेल्टा ग्रीन पुढे स्वतंत्र खेळ झाला. पात्राची मानसिक स्थिती अंकांत मोजण्याची पद्धत नंतर अनेक संगणकीय खेळांतही आली. पात्राचा पराभव आधीपासूनच संभवनीय मानूनही खेळ रंगतदार होऊ शकतो, हे या खेळाने दाखवून दिले. शोधक जिंकतात तेव्हाही संकट केवळ पुढे ढकललेले असते.