उस्मानाबाद मतदारसंघाची कुळकथा

परंडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें दूरवर ठाऊक आहे. देवळाच्या आवारांत माकडांचें राज्य आहे आणि यात्रेकरूंनीं तें निमूटपणें मान्य केलेलें आहे. हातांतली प्रसादाची पुडी गेली, तरी कोणी फिर्याद करीत नाहीं. माणसांच्या राज्यांत मात्र असा निमूटपणा सदैव टिकत नाहीं. सोनारीच्या रहिवाशांस राज्य कोणाचें असावें हें सांगण्याचा अधिकार केव्हां मिळाला आणि त्या अधिकाराचें पुढें काय झालें, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे. सोनारी ज्या लोकसभा मतदारसंघांत येते, त्याचें नांव उस्मानाबाद.

प्रथम १९४८ पूर्वींची स्थिति लक्षांत घ्यावी. परंडा आणि बार्शी हे शेजारशेजारचे तालुके. बाजार एक, भाषा एक, सोयरीकही एक. परंतु मध्यें सरहद्द होती. बार्शी मुंबई इलाख्यांत, तर परंडा निजामाच्या मुलखांत, म्हणजे लोकांच्या भाषेंत मोंगलाईंत. ठराविक सारा भरणाऱ्या बार्शीच्या शेतकऱ्यास १९३७ सालीं प्रांतिक विधिमंडळासाठीं मत देतां आलें. तो अधिकार मूठभरांचा होता, हें खरें; पण सरहद्दीच्या अलीकडील कुणब्यास तेवढाही नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आलें, आणि पांच दिवसांत हैदराबाद संस्थानाचा प्रश्न निकालांत निघाला.

त्यानंतर पुरतीं चार वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत होतें. साऱ्याची अट नाहीं, शिक्षणाची अट नाहीं. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं युक्ति अशी केलेली होती कीं, प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचें चिन्ह. कागद हव्या त्या पेटींत टाकला कीं मत झालें. याद्या करतांना मात्र एक अडचण निघाली. देशांतील पुष्कळ स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलेंच नाहीं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें. अशीं सुमारें २८ लाख नांवें याद्यांतून वगळावीं लागलीं. अधिकार कायद्यानें मिळतो. पण तो घेण्यासाठीं स्वतःचें नांव उच्चारावें लागतें, हा त्या निवडणुकीचा पहिला धडा.

१९५२ सालीं उस्मानाबादेहून काँग्रेसचे राघवेंद्र श्रीनिवासराव दिवाण निवडून गेले. १९५७ सालीं व्यंकटराव नळदुर्गकर आणि १९६२ सालीं तुळशीराम पाटील आले; पाटील पुढें १९६७ व १९७१ सालींही विजयी झाले. यांत एक मौज आहे. पहिली निवडणूक हैदराबाद राज्यांत झाली, दुसरी द्वैभाषिक मुंबई राज्यांत, तिसरी महाराष्ट्रांत. सोनारीचा मतदार आपल्या ओसरीवरून हललाही नाहीं. राज्येंच त्याच्या अंगावरून निघून गेलीं.

राज्यें बदललीं, पण पक्ष बदलला नाहीं. १९५२ पासून १९९१ पर्यंतच्या दहाही निवडणुका येथें काँग्रेसनें जिंकल्या. १९७७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत तो पक्ष धुऊन निघाला आणि शेजारच्या लातुरानें शेतकरी कामगार पक्षाच्या उद्धवराव पाटलांस लोकसभेंत धाडलें, तरी उस्मानाबादेनें काँग्रेसचे तुकाराम शृंगारे यांनाच निवडलें.

त्याच वर्षापासून ही जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव झाली आणि २००४ पर्यंतच्या नऊ निवडणुका तशाच झाल्या. राखीव जागा म्हणजे मतदाराच्या निवडीचा संकोच, असें म्हणणारे सर्वत्र भेटतात. वस्तुतः राखीव असते ती उमेदवारी. मत सर्वांचें असतें. ज्या समाजास गांवच्या पाणवठ्यावर हात लावण्याची बंदी होती, त्यांतील उमेदवाराच्या नांवावर पाटलानें आणि पुजाऱ्यानेंही शिक्का मारावा, ही गोष्ट लहान नव्हे. निवडणुकीनें जातिभेद मोडला, असें मी म्हणत नाहीं. पण वर्षानुवर्षें मत मागण्यासाठीं दारांत कोण उभा राहतो, याची संवयही माणसास कांहीं शिकविते.

मतदार जागा झाला तो १९९६ सालीं. लागोपाठ तीनदां विजयी झालेल्या अरविंद कांबळे यांच्या जागीं शिवसेनेचे शिवाजी कांबळे आले. १९९८ सालीं पुन्हा अरविंद, १९९९ सालीं पुन्हा शिवाजी. साडेतीन वर्षांत तीन वेळां पारडें फिरलें. २००४ सालीं तर शिवसेनेच्या कल्पना नरहिरे यांनीं राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मणराव ढोबळे यांचा अवघ्या सुमारें सोळाशें मतांनीं पराभव केला. दोघांसही तीन लाखांच्या जवळपास मतें पडलीं होतीं! सोळाशें म्हणजे एका मध्यम गांवाच्या यादींत मावतील एवढीं नांवें. आणि ज्या देशांत पूर्वीं लाखों स्त्रिया आपलें नांव सांगावयास धजल्या नव्हत्या, त्यांतील या मतदारसंघाची पहिली स्त्री प्रतिनिधि अशा निसटत्या मतांनीं निवडून आली, हा योगायोग मला बोलका वाटतो.

पुढें मतदारसंघांची पुनर्रचना झाली. २००९ पासून उस्मानाबादची जागा खुली झाली आणि लातूरची राखीव झाली. त्या वर्षीं राष्ट्रवादी काँग्रेसचे पद्मसिंह पाटील शिवसेनेच्या रवींद्र गायकवाडांपुढें सात हजारांहूनही कमी मतांनीं तरले. २०१४ सालीं त्याच गायकवाडांनीं त्यांस दोन लाखांहून अधिक मतांनीं हरविलें. २०१९ सालीं शिवसेनेचे ओमप्रकाश राजेनिंबाळकर आले. पुढें तो पक्ष दुभंगला, तरी २०२४ सालीं उद्धव ठाकरे यांच्या गटाकडून तेच सुमारें तीन लाख तीस हजारांच्या आधिक्यानें विजयी झाले.

आज परंडा, उस्मानाबाद, तुळजापूर आणि उमरगा यांच्या जोडीला लातूर जिल्ह्यांतील औसा आणि सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा हा मतदारसंघ आहे. ज्या सरहद्दीनें बार्शीकरास मत दिलें आणि परंडेकरास नाकारलें, ती आतां मतदारसंघाच्या पोटांत विरून गेली आहे; दोघांचीं मतें एकाच मोजणींत पडतात. २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव परत मिळालें, तरी २०२४ ची निवडणूक उस्मानाबाद याच नांवानें झाली.

श्रोतेहो, मतदारसंघाचें नांव, त्याची सीमा, त्याचें आरक्षण या तिन्ही गोष्टी मतदारास न विचारतां ठरत आल्या आणि पुढेंही ठरतील. २००१ सालच्या घटनादुरुस्तीनें लोकसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेविली. अर्थात् आंखणारे हात केव्हां तरी पुन्हा नकाशाकडे वळावयाचेच. सोनारी उद्यां कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूस पडेल, हें सोनारीच्या हातीं नाहीं. तिच्या हातीं आहे ती एकच वस्तु, आणि २००४ सालच्या त्या सोळाशें मतांनीं तिचें वजन एकदां दाखवून दिलेलें आहे.