वाढपी, आगगाडी आणि फिरता पट्टा

साखरखेर्डा हें नांव इतिहासाच्या वाचकास एका लढाईमुळें ठाऊक असतें. आज बुलढाणा जिल्ह्यांत असलेल्या या गांवाजवळ ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामुल्मुल्कानें हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याचा पाडाव केला. मुबारिजखान रणांत पडला आणि दख्खनची सत्ता निजामाच्या हातीं आली. बाजीराव पेशवे त्या प्रसंगीं निजामाच्या बाजूस होते. पण आज मी तलवारीविषयीं बोलणार नाहीं. पत्रावळीविषयीं बोलणार आहें. दख्खन कोणाची, हा प्रश्न त्या दिवशीं सुटला असेल. चार माणसें एका ओळींत जेवावयास बसलीं म्हणजे शेवटच्या पानावर काय पडतें, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि अजून सुटलेला नाहीं.

पंगत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यांतील युक्ति आपल्या ध्यानांत येत नाहीं. पंगतींत जेवणारा बसलेला असतो आणि अन्न चालत असतें. मीठ वाढणारा पुढें सरकला कीं मागून चटणी-कोशिंबीर येते, भाजी येते, वरणभात येतो. या चालत्या अन्नाला आपल्या पूर्वजांनीं दोन कसोट्या लावल्या. पहिल्या पानास तूप आणि शेवटच्या पानास नुसता वास, असें झालें तर त्यास त्यांनीं पंक्तिप्रपंच म्हटलें आणि तें पाप मानलें. दुसरी कसोटी उष्ट्याची. पळी पानास लागतां कामा नये. वाढप्यानें वरूनच वाढावयाचें, कारण एका पानाचा स्पर्श साऱ्या भांड्यास होतो. नियम दोन्ही चांगले. परंतु पंगतींत बसावयाचें कोणी, हें मात्र जन्मावरून ठरत असे. आणि पंक्तिप्रपंचाचें सर्वांत मोठें उदाहरण तें हेंच. रत्नागिरीचें पतितपावन मंदिर १९३१ सालीं उघडलें. तेथें जीं सहभोजनें झालीं, तीं ही भिंत पाडण्यासाठींच.

आतां वाढपी काढून टाकला तर काय होतें, तें पाहूं. साखरखेर्ड्यानंतरच्या वर्षांत बाजीरावाच्या मोहिमा माळव्याकडे वळल्या. त्यांच्या सरदारांपैकीं राणोजी शिंदे यांनीं उज्जयिनीस बस्तान बसविलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली. तेथें जयाजीराव शिंदे यांनीं बांधलेला जयविलास राजवाडा १८७४ सालीं पुरा झाला. त्यांचे चिरंजीव माधवराव १८८६ पासून १९२५ पर्यंत गादीवर होते. त्यांना आगगाडीचा विलक्षण षोक. संस्थानांत त्यांनीं दोन फूट रुंदीच्या रुळांचा लोहमार्ग वाढविला. आणि मेजवानीच्या लांबलचक मेजावरही रूळ टाकून चांदीची चिमुकली आगगाडी फिरविली. ती विजेवर चाले. सात डब्यांवर घराण्याच्या नांवाचीं सात इंग्रजी अक्षरें होतीं. जेवण आटोपलें कीं मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांसमोरून जाई. सुरई उचलली कीं गाडी थांबे. सुरई परत ठेवली कीं चालूं लागे. ही गाडी जयविलासच्या संग्रहालयांत जपून ठेविली आहे. येथें अन्नपाण्याचें चालणें यंत्राकडे गेलें खरें; पण मेजाभोंवतीं बसणारे निवडकच राहिले. यंत्र नवें, पंगत जुनी.

हीच कल्पना श्रमिकांच्या मेजावर पोंचली ती जपानांत. सुशी म्हणजे सिरका लावलेल्या भाताच्या घासावर ठेवलेला मासळीचा तुकडा. ओसाका शहराच्या बाजूस योशिआकी शिराइशी यांचें सुशीचें लहानसें दुकान होतें. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतील कामगार. त्यांना स्वस्त द्यावयाचें तर वाढप्यांचा खर्च परवडत नव्हता. बिअरच्या कारखान्यांत पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ति सुचली. बरीच वर्षें खटपट करून १९५८ सालीं त्यांनीं फिरत्या पट्ट्याचें पहिलें सुशीगृह उघडलें. पट्ट्याचा वेग सेकंदास सुमारें ८ सेंटिमीटर ठरला. याहून मंद असेल तर भुकेलेला कंटाळतो, जलद असेल तर बशी उचलतां उचलतां निसटते. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनानें या पद्धतीची कीर्ति सर्वत्र झाली. बशीच्या रंगावरून दर, आणि रिकाम्या बशा मोजून बिल. पट्टा कोणाची जात विचारीत नाहीं, कुळ विचारीत नाहीं, पगारही विचारीत नाहीं. आग्रह मात्र तोही करीत नाहीं; ‘एक तरी घ्याच’ असें म्हणणारें तेथें कोणी नाहीं.

म्हणजे पहिल्या कसोटीस पट्टा बराचसा उतरला. दुसरीचें काय? जानेवारी २०२३ मध्यें जपानांतील अशाच एका दुकानांत एका तरुणानें सोयारसाच्या सामाईक बाटलीचें तोंड चाटून ती पुन्हा जागेवर ठेविली. त्याचें चित्रण जगभर पसरलें. लोक बिचकले, आणि कित्येक दुकानांनीं बशा फिरविणें थांबवून मागेल त्यालाच त्याची बशी पाठविण्यास आरंभ केला. साठांहून अधिक वर्षें अव्याहत फिरलेला पट्टा एका जिभेनें अडला! आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांनीं या प्रसंगाचें वर्णन एकाच शब्दांत केलें असतें: उष्टें. अन्न माणसानें फिरविलें काय किंवा यंत्रानें फिरविलें काय, पुढें जाणारें भांडें आपलें एकट्याचें नव्हे, हें जेवणाऱ्यास कळावें लागतें. तें शिकविणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

आतां आपण पुन्हा साखरखेर्ड्याच्या परिसरांत येऊं. शेजारच्या मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम येथें विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शेवटच्या दिवशीं उघड्या शेतांत ओळी धरून लाखाहून अधिक माणसें महाप्रसादास बसतात. इतक्या पानांपुढें हातांत भांडें घेऊन चालणारा वाढपी कोठवर पुरणार? म्हणून पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या गाड्यांत भरून ओळींमधून फिरवितात, आणि स्वयंसेवक गाडीबरोबर राहून पानापानावर वाढतात. ग्वाल्हेरीस चाक आलें आणि मेज निवडकांचें राहिलें. ओसाकास पट्टा आला आणि वाढणारा हात गेला. येथें चाकही आहे आणि हातही आहे. ओझें चाकानें वाहावें आणि पान माणसानें पाहावें, ही वांटणी कोणा यंत्रशास्त्रज्ञानें केलेली नाहीं. शेतकऱ्यांनीं आपल्या गरजेंतून केली आहे.

श्रोतेहो, यंत्र आपल्या पंगतींतही येणारच, आणि तें यावें. त्यानें वाढप्याचे पाय दुखणें थांबेल. परंतु पुढच्या खेपेस आपण पंगतीस बसाल तेव्हां आपल्या पानावर काय पडलें हें पाहण्याआधीं ओळीच्या टोंकाकडे एकदां दृष्टि टाका. तेथें बसलेल्याचें पान रिकामें असेल, तर गाडी कितीही वेगानें फिरत असली तरी जेवण अजून सुरू झालेलें नाहीं.