चांदीवरचे डाग आणि जोगलटेंभीची नाणी

लक्ष्मीपूजनाला वाशी-नेरूळच्या घरांतली चांदीची नाणी कपाटातून बाहेर निघतात आणि दरवर्षी तीच शंका डोके वर काढते. मागच्या दिवाळीला लखलखणारे नाणे आता कडेने पिवळसर, मध्ये काळे ठिपके; सराफाने फसवले की काय? बहुधा नाही. अस्सल चांदीवरही डाग पडतात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते वाचता आले पाहिजेत. आजचा धागा त्याविषयी.

साध्या हवेतला प्राणवायू चांदीचे फारसे काही बिघडवत नाही. तिचे वैर गंधकाशी. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीतील चिखलातून कुजक्या अंड्यांसारखा जो दर्प येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. दमट हवेत त्याचा अत्यल्प अंश असला तरी नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरू लागतो. पापुद्रा पातळ असताना पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा दिसतो. जाड झाला की काळा. रबरबँड, लोकरी कापड, हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांतूनही गंधकाची संयुगे सुटतात, म्हणून बंद डबीतले नाणेही काळवंडते.

या पापुद्र्यातली चांदी नाण्याचीच असते. रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासल्यावर फडक्यावर जे काळे उतरते, ते नाण्याचेच अंग. पूजेच्या नाण्याचे त्यात फारसे बिघडत नाही. जुन्या नाण्याचे मात्र सर्वस्व जाऊ शकते.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला: सुमारे १३,२५० नाणी, मूळची सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. एका नाण्यावर तीन लिप्या! रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता: एकीकडे तीन कमानींचा पर्वत, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी सातवाहनांनी पराभूत राजाच्या चेहऱ्यावरच आपली खूण ठोकली आणि तेच चलन पुढे चालू दिले.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख सांगतो. पण तो मातेने केलेला पुत्रगौरव आहे. एवढ्यावर इतिहासकार निर्धास्त राहू शकत नाही. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या प्रशस्तीला धातूची साक्ष दिली. माझ्या मते दख्खनच्या प्राचीन इतिहासात इतका नेमका पुरावा क्वचितच हाती लागतो.

आता या पुराव्याची जाडी पाहा. नाणे जेमतेम सव्वादोन ग्रॅमचे. नव्या ठशाखालून डोकावणारी हनुवटीची रेषा, एखादे ग्रीक अक्षर, बाणाचे टोक, हे सारे उठाव केसाएवढे. असे नाणे ‘उजळ’ करण्यासाठी वारंवार घासले, तर आधी झिजतो तो खालचा नहपान. मग उरते केवळ सातकर्णीचे एक नाणे, आणि दोन राजवटींच्या संघर्षाची खूण त्यावरून पुसली जाते.

जमिनीत पुरलेल्या चांदीचे डाग वेगळे. मातीतील क्षारांमुळे तिच्यावर करडे, मेणचट सिल्व्हर क्लोराइड बसते. मिश्रणातले तांबे हिरव्या थराच्या रूपाने बाहेर येते. त्या थरात कधी कधी नाणी बांधलेल्या कापडाची वीणसुद्धा उमटून टिकते. साफसफाईत सर्वांत आधी हाच थर खरवडला जातो.

जवळच्या काळात यायचे तर आजोबांच्या डब्यातले रुपये पाहा. १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ती निम्म्यावर आली. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. म्हणून १८६२ चा राणीछाप रुपया आणि १९४३ चा रुपया एकाच डबीत ठेवले तरी सारखे काळवंडत नाहीत. युद्धाची टंचाई अशीही दिसते.

९९.९ टक्के शुद्धतेच्या नव्या गुंतवणुकीच्या नाण्यांवर मात्र दुधाळ पांढरे ठिपके येतात. हे सल्फाइड नव्हे. टांकसाळीत नाण्याची चकती धुतल्यावर उरलेला अंश भट्टीत भाजला जाऊन ते उद्भवतात, असे मानले जाते. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ साली यावर ‘मिंटशील्ड’ नावाचा उपाय जाहीर केला. घासून हे ठिपके धडपणे जात नाहीत. ओरखडे मात्र पडतात.

तेव्हा जुने नाणे कडेने धरावे, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात सिलिका जेलसह ठेवावे आणि शंका आल्यास संवर्धनतज्ज्ञाला दाखवावे. जमिनीत ठेवा सापडलाच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची प्रत्येक गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. ती मातीसकट, न धुता द्यावी.