परक्या यंत्राकडून मराठी

आमच्या मंडळाच्या दप्तरात काही जुनी निमंत्रणपत्रे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत छापलेली आहेत. दिसावयास ती ओबडधोबडच. परंतु त्यांवर ‘मंडळ’ हा शब्द ‘ळ’सह उमटला आहे. परप्रांतीच्या हिंदी छापखान्यात ‘ळ’चा खिळा मिळेलच अशी खात्री नसे आणि आमचे ‘मंडळ’ ‘मंडल’ होऊन येई. म्हणून एका कारखानदाराचे छपाईयंत्र दुसऱ्याच्या संगणकाला जोडण्याचा इतिहास आम्हांस निव्वळ यंत्रज्ञांचा वाटत नाही.

आधी प्रश्न तारेचा होता. अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपले १०१ क्रमांकाचे छपाईयंत्र आणले. त्याला छत्तीस टोकांचा जोड बसविला, तो वँग कंपनीकडे तसले वीस हजार जोड शिल्लक पडले होते म्हणून! अडगळीतला माल पुढे जगाने प्रमाण मानला. १९८१ च्या आयबीएम पीसीने आपल्या बाजूस पंचवीस टोकांचा जोड ठेवला. एकीकडे पंचवीस, दुसरीकडे छत्तीस अशी केबल आणली की भागे.

पण तार जुळली तरी भाषा जुळतेच असे नाही. आयबीएमच्या अक्षरकोष्टकात १९६ हा अंक म्हणजे आडवी रेघ आणि १७९ म्हणजे उभी. एप्सनच्या मूळ कोष्टकात त्याच जागी तिरपा ‘डी’ आणि तिरपा ३ बसलेला. जमाखर्चाच्या पत्रकाभोवती चौकट काढावी, तर भोवती ‘डीडीडीडी’ची माळ उमटे.

देवनागरी तर दोन्ही कोष्टकांत नव्हती. मार्ग एकच, अक्षरांचे चित्र काढून पाठविणे. एप्सनच्या संहितेत २७ आणि ७५ हे अंक पाठवून पुढे ठिपक्यांची संख्या सांगितली की नंतरचा प्रत्येक बाइट म्हणजे उभ्या आठ ठिपक्यांचा एक स्तंभ. यंत्राला मराठी येण्याची गरजच उरली नाही! मात्र सुया एक बहात्तरांश इंचाच्या अंतराने बसविलेल्या आणि कागद नेहमी बारा बहात्तरांश इंच सरके. ते अंतर आठवर आणले नाही, तर वेलांटी आणि शिरोरेघेमध्ये पांढरी फट पडे. आणि वेलांट्या, उकार धरून एक ओळ पुरी व्हावयास यंत्राच्या डोक्याला एकाहून अधिक फेऱ्या घालाव्या लागत. त्या कर्कश आवाजाने शेजारी हैराण होत, हा भाग वेगळा.

पुढे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षरसंकेताचे राष्ट्रीय मानक ठरले. ‘ळ’ला त्यात स्वतःचा अंक मिळाला. छपाईयंत्राकडे मात्र तो ठिपके होऊनच जात राहिला.

आजच्या संगणकाला तो पंचवीस टोकांचा जोड बहुधा नसतो. यूएसबीची केबल मध्ये घालावी लागते. जुन्या एप्सनला आरंभी २७ आणि ६४ हे अंक पाठविले की ते मागच्या साऱ्या आज्ञा विसरते. मग कागदाचे अंतर आठवर आणावयाचे आणि ठिपके सोडावयाचे.